मांजराची खरी साखर घरीच कळते

खंडू पाण्यावर तुटून पडायला लागलाय, हे आधी आईच्या लक्षात आलं. दिवस थंडीचे, तरी वाटीतलं पाणी संपलं की तो बाथरूममध्ये जायचा आणि बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पीत राहायचा. मग ट्रेमधल्या वाळूची ढेकळं वाढली. लिंबाएवढी असायची, ती संत्र्याएवढी व्हायला लागली. एका सकाळी ट्रेच्या कडेने मुंग्यांची रांग दिसली. आईला स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. ती एवढंच म्हणाली, "याची साखर तपासून घे."

खंडू आमचा नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला पिवळा बोका. साडेसहा किलोंचा होता, तो तीन महिन्यांत सव्वापाचवर आला होता. खाणं मात्र दुप्पट. पलंगावर उडी मारताना अधूनमधून चुकायचा, ते आम्ही वयावर ढकललं होतं.

या सगळ्या खुणांमागे एकच गोष्ट असते. इन्सुलिन कमी पडलं किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की साखर रक्तातच साचते. माणसाचं मूत्रपिंड साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंत (दर १०० मिलिलिटर रक्तात) साखर अडवून धरतं. मांजराचं त्याहून जास्त, २५०च्या पुढेमागे. त्यापुढे साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून ढेकळं मोठी, म्हणून तहान, म्हणून मुंग्या. रक्तात साखरेचा पूर आणि पेशी उपाशी, तेव्हा शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. खाऊनही वजन उतरतं ते त्यामुळे. साखर फार दिवस चढी राहिली तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि काही मांजरं बोटांवर न चालता टाचेपर्यंत पाय टेकवून चालायला लागतात. खंडू तिथवर गेला नव्हता, पण उडी चुकणं ही बहुधा त्याचीच सुरुवात होती. साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांचे पाय सावरतात.

दवाखान्यात त्याची साखर ४३० निघाली. पण डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारला नाही, आणि ते योग्यच केलं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रेनलिन उसळतं, यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं आणि चांगल्या निरोगी मांजराचा आकडाही ३००च्या वर जाऊ शकतो. पिंजऱ्यातून रिक्षा, मग कुत्र्यांच्या भुंकण्यात तासभर बसणं, एवढं त्याला पुरतं. म्हणून लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसमीन नावाची तपासणी करतात. रक्तातल्या प्रथिनांना किती साखर चिकटली आहे हे ती सांगते, म्हणजे मागच्या एक-दोन आठवड्यांचा साधारण हिशेब मिळतो. खंडूचं दोन्ही वाढलेलं होतं.

मांजराची साखर दवाखान्यात जशी दिसते तशी ती घरात नसते. डोस ठरवायला लागतात ते घरातले आकडे. पहिल्या आठवड्यात सुईची भीती वाटते म्हणून घरी मोजणं टाळणारे खूप जण भेटतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. कारण हेच सुरुवातीचे महिने सर्वांत मोलाचे असतात.

का, ते सांगतो. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप टूसारखा असतो. लठ्ठपणा, घरात बसून राहणं, वाढतं वय, नसबंदी झालेला बोका असणं, ही त्याची ओळखीची वाट. खाज किंवा दम्यासाठी स्टेरॉइडची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं दिली असतील तर तीही एक. हे साम्य वरवरचं नाही. १९८७ साली स्वीडनचे पेर वेस्टरमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीत आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडात साचलेला चिकट थर तपासला. दोन्हीकडे तो एकाच जातीच्या प्रथिनाचा निघाला. त्याला आज ॲमिलिन म्हणतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच ते सोडतात. उंदराचं ॲमिलिन असं साचत नाही, आपलं आणि मांजराचं साचतं. मी हे आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने खंडूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे माझाच वारसा चालवतोय."

पण एका बाबतीत खंडूचं नशीब आईपेक्षा बरं होतं. सतत चढ्या साखरेने इन्सुलिनच्या पेशी मंदावतात, दमतात, पण लगेच मरत नाहीत. वेळेवर बाहेरून इन्सुलिन देऊन साखर खाली आणली तर त्यातल्या पुष्कळशा पुन्हा कामाला लागतात आणि बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन चक्क बंद होतं. याला रेमिशन म्हणतात. २००९ साली रूम्प आणि रँड या संशोधकांनी ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लार्जिन नावाचं संथ चालणारं इन्सुलिन, कमी कर्बोदकांचं खाणं आणि घरी रोज साखर मोजणं अशी त्यांची पद्धत होती. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे काटेकोर उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरं इन्सुलिनमुक्त झाली. उशिरा सुरू झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हे मालक फार चिकाटीचे होते, सगळीकडे इतकं यश येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

आता खाणं. आमच्याकडे खंडूला सकाळी दूध-पोळी आणि दिवसभर कोरड्या दाण्यांचं ताट भरलेलं असायचं. मांजर पक्कं मांसाहारी. साखर पटकन पकडणारं ग्लुकोकायनेज नावाचं विकर त्याच्या यकृतात फारच कमी काम करतं. गोड चव ओळखणारं जनुकही त्याच्याकडे मोडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. म्हणजे दूध-पोळीत खंडूला आवडत होतं ते दूध आणि तूप.

पाकिटावर कर्बोदकं बहुधा छापलेली नसतात, पण काढता येतात. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा करायचं. समजा दाण्यांच्या पाकिटावर प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, राख ८, पाणी १० असं आहे, तर उरले ३४. म्हणजे एक तृतीयांश पीठच. ओल्या पाऊचवर ८, ३, १, २ आणि ८४ असेल तर उरतात फक्त २. पाणी वगळून पाहिलं तरी साधारण १२ टक्के. म्हणून मधुमेही मांजराला ओलं खाणं बरं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र पुरत नाही, त्यात कॅल्शियम नसतं, आणि मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणाऱ्या टॉरिन या अमिनो आम्लाचीही खात्री नसते. एक गोष्ट फार महत्त्वाची: इन्सुलिन सुरू झाल्यावर डॉक्टरांना न विचारता खाणं एकदम बदलू नका. कर्बोदकं उतरली की साखर दोन दिवसांत धडकन खाली येते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. आणि लठ्ठ मांजराला बारीक करायचं म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर काही दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी भरते आणि ते जिवावर बेततं.

इन्सुलिन माणसांचंच चालतं. ५१ अमिनो आम्लांपैकी चारच दोघांत वेगळी आहेत. खंडूला ग्लार्जिन लिहून दिलं, दर बारा तासांनी एक युनिट. ही कुपी हलवून, पातळ करून किंवा दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळून वापरायची नसते. आतलं औषध आम्ल असतं, त्वचेखाली गेल्यावर आम्लता जाते, त्याचे बारीक कण बनतात आणि ते तासन् तास विरघळत राहतात. संथपणाचं सगळं रहस्य तेवढंच.

आणि इथे आमच्या घरात एक मोठी चूक होता होता राहिली.

आईचं इन्सुलिन ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. तिच्या सिरिंजचं टोपण लाल. ग्लार्जिन १०० युनिटचं, त्याच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पहिल्या संध्याकाळी मी फ्रिजवरच्या डब्यातली सिरिंज उचलली आणि एकच्या रेघेपर्यंत भरली. आईने हातातलं टोपण पाहिलं आणि मनगट धरलं. लाल सिरिंजवरची एकची रेघ म्हणजे एक चाळिसांश मिलिलिटर, आणि शंभराच्या ग्लार्जिनचे तेवढ्यात अडीच युनिट मावतात. सव्वापाच किलोंच्या बोक्याला पहिल्याच दिवशी अडीचपट डोस गेला असता. आपल्याकडे दोन्ही प्रकार दुकानात शेजारीशेजारी मिळतात, म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी मोठ्याने वाचा. आम्ही त्याच रात्री डबे वेगळे केले. खंडूसाठी ३० युनिटची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज आणली. शंभराचं एक युनिट म्हणजे पाण्याच्या थेंबाचा पाचवा हिस्सा. जाड सिरिंजवर ते धड दिसतसुद्धा नाही.

टोचणं वाटतं त्याहून सोपं असतं. खंडू वाटीत तोंड घालून असतो तेव्हा बरगड्यांवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी पोकळी होते, तिच्या पायथ्याशी सुई. तो मान वर करत नाही. कधी सुई कातडीतून आरपार जाते आणि केस ओले लागतात. अशा वेळी, किती गेलं याची शंका असली तरी, दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. एक डोस चुकला तर बारा तास साखर चढी राहील, डबल गेला तर मांजर हातचं जाईल.

कानाचं रक्त मात्र शिकावं लागतं. पायमोजात मूठभर तांदूळ भरून, तव्यावर कोमट करून, आधी आपल्या गालाला लावून पाहायचा आणि मग मिनिटभर कानाला धरायचा. कान गरम झाला की कडेने धावणारी बारीक शीर टॉर्चच्या उजेडात दिसते. मागे कापसाचा बोळा धरून शीर आणि कानाची कड यांच्यामध्ये टोचायचं. व्हॅसलिनचा अगदी पुसट हात आधी फिरवला तर थेंब केसांत न पसरता मण्यासारखा उभा राहतो. पहिल्या दिवशी चार स्ट्रिप वाया गेल्या. आठव्या दिवशी खंडू टॉर्च दिसताच चटईवर येऊन बसायला लागला, कारण मागून उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो हे त्याला कळलं होतं.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. आपल्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, मांजराची जवळजवळ सगळी बाहेरच्या द्रवात, आणि यंत्र आपल्या हिशेबाने बांधलेलं. तरी ते चालतं. एकच मीटर कायम वापरा आणि तो कुठला आहे हे डॉक्टरांना सांगा. सगळे आकडे वेळेसकट लिहून ठेवा. नुसता इंजेक्शनआधीचा आकडा पाहून डोस वाढवायचा मोह होतो, पण खरा उपयोगी आकडा दोन इंजेक्शनांच्या मधला, साखर सर्वांत खाली जाते तेव्हाचा. डोस बदलल्यावर पाच-सात दिवस थांबून पाहावं लागतं, आणि बदल डॉक्टरांशी बोलूनच.

साखर फार खाली गेली तर मांजर लडखडतं, शून्यात बघतं, झटकेही येतात. साधारण ६०च्या खाली आकडा गेला की धोका. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्यायचं, नसेल तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजची पेस्ट चोळायची आणि दवाखाना गाठायचा. घशात ओतायचं नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर मधाची छोटी बाटली कायम असते. याउलट, साखर खूप चढलेली, खाणं बंद, उलट्या आणि मलूलपणा दिसला तर रक्तात कीटोन (चरबी जाळताना बनणारे आम्ल पदार्थ) साचत असू शकतात, तेव्हा सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

दिवाळीत फटाक्यांनी खंडू पलंगाखाली गेला आणि संध्याकाळचं जेवला नाही. अशा वेळी नेहमीचा डोस द्यायचा नसतो. साखर मोजली, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्या वेळेपुरता अर्धा डोस सांगितला. या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच भेटीत लिहून घेतलेलं बरं, कारण तो दिवस सुट्टीचाच निघतो.

आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल अनेक जण विचारतात. त्या देऊ नका. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची तोंडावाटे द्यायची औषधं मंजूर झाली. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी ही औषधं आहेत. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत, आणि साखर नॉर्मल दिसत असतानाही त्यांच्यामुळे कीटोन साचू शकतात. त्यामुळे त्यांच्यावर बारीक देखरेख लागते.

साखर हट्टाने खाली येत नसेल तर डोस चढवत बसण्याआधी तोंड उघडून दात पाहायला सांगा. खंडूची एक दाढ सडलेली होती. ती काढल्यावर आठवड्याभरात आकडे वितळायला लागले: ३१०, २६०, १९०. दहाव्या आठवड्यात एकाचं अर्धं युनिट झालं. त्यानंतरही दिवसभराचे आकडे शंभराच्या आसपास राहिले, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवलं. काही मांजरांचा मधुमेह परत येतो, म्हणून दाणे घरात पुन्हा आणलेले नाहीत आणि दर रविवारी चटई अंथरली जाते. गेल्या रविवारी ९२ होती. आईची १४८.