गायरान आणि गवताची जाण

मराठवाड्यात पारंपरिक निसर्गज्ञानाचा विषय निघाला की बोलणं किनवटच्या जंगलापाशी सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं. बालाघाटाच्या माळांवर मेंढ्या राखणाऱ्या धनगरांचं ज्ञान गवताचं. त्याला कोण विचारतो? कुसळी कोवळी आहे तोवर चारून घ्यायची, एकदा पिकली की कुसळं लोकरीतून थेट मेंढीच्या कातडीत रुततात. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं कुठं शिल्लक आहेत ते पाहून वाडा, म्हणजे मेंढपाळांचा मुक्काम, हलतो. वाडा हलला की मागच्या माळाला फुटायला उसंत मिळते. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं.

या माळांचा सगळा घोळ ‘गायरान’ या शब्दात आहे. निजामी अमलात फसली या महसुली सनाच्या १३१७ सालचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा महसूल कायदा होता. पुढे १९६६ ची महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता आली. तिच्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. राखून ठेवता येते, एवढंच, मालकी सरकारचीच. गाव मात्र ‘आमचं गायरान’ म्हणतं. भूमिहीन दलितांनी या जमिनी फोडून ज्वारी पेरली, त्यांचा लढा रास्तच होता. १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका तळ्याच्या खटल्यात देशभरच्या गावठी सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची फट ठेवली. या साऱ्या वादात कसणारा दिसला, सरकार दिसलं. चारणारा कुठल्याच कागदावर आला नाही, आणि कागदांनी माळाला ‘पडीक’ म्हटलं ते म्हटलंच.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने या चारणाऱ्याच्या ज्ञानाला जागा मिळायला हवी होती. लोकांकडची माहिती गावोगावच्या नोंदवहीत उतरवायची होती. काम रखडलं. अखेर हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, त्यानंतर राज्याला दरमहा १० लाख रुपये भरायला लावण्याची तंबी दिली, आणि मग धावपळ उडाली. नोंद गावाच्या हद्दीतली घ्यायची, मुदत जानेवारीची. त्या दिवसांत फिरत्या मेंढपाळांचे वाडे दुसऱ्याच कुणाच्या शिवारात बसलेले असतात.