दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही

"एकदा हायवेला नेऊन चांगली दामटव, आतला कार्बन जळून जाईल आणि दिवा आपोआप जाईल." ज्याच्या गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय त्याला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतोच. आणि अडचण अशी की बरेचदा तसं होतंही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये लागलेला दिवा एक्सप्रेसवेवरून पुण्याला दोन-तीन फेऱ्या मारल्या की विझतो, मालक खूष होतो, आणि परत सिग्नल-सिग्नल करत ऑफिसला जायला लागलं की काही दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग अमुक पंपावरचं पेट्रोल वाईट, तमुक पंपावरचं चांगलं अशा समजुती सुरू होतात. खरं कारण मात्र साध्या हिशोबात आहे, आणि सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) असलेल्या गाडीत तो हिशोब इतका सुंदर आहे की मला त्यावर लिहायचंच होतं.

आधी कोडबद्दल. हल्ली स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर सगळ्यांकडे असतो, तो लावला की अशा गाडीत बहुतेक वेळा पी०१७१ दिसतो, म्हणजे "मिश्रण लीन आहे", पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. तो वाचून लोक सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलतात, काही हजार रुपये जातात आणि दिवा परत लागतो. कारण कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट खराब आहे ते सांगत नाही. सायलेन्सरच्या नळीतला हा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरलाय एवढंच ओळखतो, पेट्रोल त्याला दिसतच नाही. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आणला आणि आज जगातल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्या त्याच्या भरवशावर चालतात, त्यामुळे "हवा जास्त आहे" असं तो ओरडत असेल तर बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. निरोप आणणाऱ्यालाच आपण बदलतो आणि निरोप तसाच राहतो.

आता मूळ गोष्ट, फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. एअर फिल्टरच्या पुढे बसलेला मॅफ सेन्सर आत शिरणारी हवा मोजतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्या मापाने पेट्रोल सोडतो. लग्नात दारावर एकजण पाहुणे मोजतोय आणि त्याच्या आकड्यावर आत पानं वाढली जातायत असं समजा. मागच्या दाराने काही लोक न मोजता आत आले तर पानं कमी पडणार. मॅफच्या पुढे रबरी नळीला चीर गेली की हेच होतं, न मोजलेली हवा आत येते. ऑक्सिजन सेन्सर कुरकुर करतो, ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, तेवढ्याने भागेना म्हणून अजून वाढवतो. क्षणाक्षणाला बदलणारी दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम आणि सवयीने लक्षात ठेवलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज साधारण २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेली (हा आकडा कंपनीनुसार बदलतो) की ईसीयू म्हणतो आता माझ्या हातात नाही, आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन चालू करण्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) तेच दिसलं की दिवा लावतो.

आता एक्सप्रेसवेचं कोडं सोडवू. १.८ लिटरचं इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेतं. चिरेतून अर्धा ग्रॅम फुकटची हवा येत असेल तर पेट्रोल १७ टक्के वाढवावं लागतं, म्हणजे दिव्याच्या अगदी उंबरठ्यावर. तीच गाडी हायवेवर एका वेगात जाताना सेकंदाला १८ ग्रॅम हवा घेत असेल तर तोच अर्धा ग्रॅम ३ टक्केसुद्धा भरत नाही! चीर तिथेच आहे, फक्त तिचा वाटा नगण्य झालाय. टोलनाक्यावर मिनिटभर थांबलो तरी लाँग टर्म ट्रिम तेवढ्यात वर चढत नाही, ती सावकाश शिकते. आणि नियम असा आहे की लागोपाठ तीन फेऱ्यांत, साधारण तशाच परिस्थितीत, दोष सापडला नाही तर दिवा आपोआप विझवायचा. कोड त्यानंतरही मेमरीत राहतो, इंजिन ४० वेळा गार होऊन परत गरम होईपर्यंत. म्हणजे कार्बन-बिर्बन काही जळलेलं नसतं, परीक्षेत सोपा पेपर आला एवढंच.

सुपरचार्जर आला की यात खरी गंमत येते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. टर्बो सायलेन्सरच्या धुरावर फिरतो, हा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर. यातला रूट्स प्रकार मुळात गाडीसाठी नव्हताच, अमेरिकेतल्या इंडियानामधल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला हा ब्लोअर भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचा. आपल्याकडे जुन्या मर्सिडीजच्या मागे "कॉम्प्रेसर" लिहिलेलं दिसतं ते हेच, ऑडीच्या एका पिढीतल्या ३.० टीएफएसआयमध्ये आणि जग्वार-लँड रोव्हरच्या व्ही६-व्ही८ मध्येही हाच. आयडलवर मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली) पोकळी म्हणजे व्हॅक्यूम बायपास व्हॉल्व्ह खेचून उघडा ठेवते, हवा पंपाला वळसा घालून जाते. पाय दाबला की व्हॅक्यूम संपतो, स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते आणि पंप हवा कोंबायला लागतो.

म्हणजे पंपाच्या पुढची एकच नळी आयडलला बाहेरची हवा आत ओढते आणि बूस्टला, म्हणजे पंप हवा कोंबत असताना, आतली हवा बाहेर फेकते. आयडलला न मोजलेले लोक मागच्या दाराने आत, आणि बूस्टमध्ये मोजलेले लोक त्याच दाराने बाहेर, पानं वाढलेली आणि खायला कुणी नाही. मिश्रण आधी लीन होतं ते आता रिच (पेट्रोल जास्त) होतं, ट्रिम अधिक असते ती वजा व्हायला लागते. चीर जर मॅफच्या पुढे पण पंपाच्या अलीकडे असेल तर तिथे दाब बाहेरच्यापेक्षा जास्त कधी होतच नाही, त्यामुळे ती फक्त ओढते, ट्रिम लोडवर (इंजिनवर जोर पडताना) कमी होत जाते पण वजा होत नाही. आणि पेट्रोलचा पंप थकला असेल तर सगळं उलटं, आयडलला काहीच नाही आणि लोड वाढेल तशी ट्रिम अधिकमध्ये चढत जाते. एकच कोड, तीन वेगळे आजार, आणि बॉनेट न उघडता आयडल आणि लोड अशा दोन ठिकाणचे आकडे पाहून त्यांच्यात फरक करता येतो. मला हे शरीराच्या तपासणीइतकंच हुशारीचं वाटतं.

फक्त आकार लक्षात ठेवा. बूस्टमध्ये इंजिन सेकंदाला ८० ग्रॅम हवा घेत असेल तर तेवढ्याच भोकातून जेमतेम पाऊण ग्रॅम बाहेर जाते, म्हणजे एक टक्का, स्कॅनरवर जाणवणारही नाही. पण जुन्या रबराची चीर ठराविक मापाची नसते, आतून दाब आला की तिचं तोंड उघडतं, म्हणून वजा आकडा ठळक दिसला तर कुठेतरी रबर फाटून उघडतंय किंवा क्लँप सुटलाय असं समजा. शिवाय फुल बूस्टला बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं बंद करून मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतात, त्यामुळे हा आकडा मध्यम लोडवरच बघावा लागतो. काही युरोपियन गाड्यांत ट्रिमचे दोन कप्पे असतात, आयडलचा बेरजेचा आणि चालतीचा गुणाकाराचा, फट असेल तर बेरजेचा फुगतो. आणि मॅफच नसलेल्या गाड्या, उदाहरणार्थ २००२ ते २००६ ची मिनी कूपर एस, मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा हिशोब करतात, तिथे फटीतून आलेली हवाही दाबात मोजली जाते, म्हणून लीन कोडपेक्षा आयडल वाढलेलं किंवा हेलकावे खाणारं दिसतं.

यात आता ई२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर पडलीये. इथेनॉलला हवा कमी लागते, १ ग्रॅमला ९ च ग्रॅम, त्यामुळे ई२० चं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. शुद्ध पेट्रोलवर सेट केलेल्या जुन्या गाडीला सात-आठ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं, ई१० वरून आलात तरी चारेक टक्के. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना ट्रिम आधीच वर बसलेली असते, आणि वरच्या उदाहरणातले १७ त्यात मिळवले की दिवा लागलाच. एवढ्यावरून ई२० ने इंजिन मोडलं म्हणणं चूक आणि काहीच फरक पडत नाही म्हणणंही चूक, राखीव जागा कमी झाली हे बरोबर.

मनापासून एक सांगतो, ओबीडी पोर्टला (स्कॅनर लावायच्या सॉकेटला) लावायच्या "मायलेज वाढवणाऱ्या" चिपवर पैसे घालू नका, असल्या स्वस्त डब्यांत एलईडी लुकलुकण्यापलीकडे काही नसतं. बॅटरीची वायर काढून "रिसेट" मारणंसुद्धा समोर लिंबू-मिरची टांगण्याइतकंच उपयोगाचं, त्याने शिकलेली ट्रिम शून्य होते आणि फट शोधायला लागणारा पुरावाही पुसला जातो. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, दोष पकडला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान आणि ट्रिम तिथे लिहिलेली असते. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर हे सगळं सोडा, ते मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, पाय काढा, बाजूला घ्या.

फट शोधायची ती धूर सोडून. पण गॅरेजवाले एअर फिल्टरकडून हलक्या दाबाचा धूर सोडून "काही नाही साहेब" म्हणाले तर थांबू नका. इंजिन बंद असताना व्हॅक्यूम नसतो, बायपास व्हॉल्व्ह बंद असतो आणि धूर पंपाच्या पात्यांमधल्या बारीक फटीतून कसाबसा पुढे जातो, म्हणून पंपाच्या पुढूनही वेगळा सोडावा लागतो. जी चीर दाबानेच उघडते तिच्यासाठी बूस्टएवढा दाब देऊन साबणाचं पाणी मारावं लागतं. संशय आधी क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेवर नेणाऱ्या) नळ्यांवर आणि त्यातल्या वन-वे व्हॉल्व्हवर घ्या, तेलाची वाफ आणि इंजिनची उष्णता यांनी दहा-पंधरा वर्षांत तिथलं रबर बिस्किटासारखं कडक होतं, हातात घेतलं की तुटतं. बदलल्यावर कोड पुसा आणि नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये काही दिवस चालवून परत दोन्ही ठिकाणचे आकडे घ्या. आयडलची ट्रिम खाली आली आणि मध्यम लोडवर अजून वजा असेल तर दुसरी फट आहे, ती बहुधा इंटरकूलरच्या (कोंबलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) रबरी जोडावर.