संथ चित्रपट आणि रेंगाळलेला चित्रपट: फरक नेमका कुठे?

एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणाऱ्या दोन माणसांची मैत्री सांगणारा, आणि बहुतेक वेळ त्यांच्या मनातच वावरणारा चित्रपट संपला की प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की दोन तासांत काहीच घडले नाही. दुसऱ्याला वाटते की फार काही घडून गेले. चित्रपट संथ आहे हे दोघांनाही मान्य असते, पण पहिला तो शब्द दूषण म्हणून वापरतो आणि दुसरा कौतुक म्हणून. वाद तिथेच अडकतो, कारण संथपणा आणि रेंगाळणे या दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात.

भाषेने मात्र त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. संथ हे विशेषण आपण पाण्याला लावतो, आणि संथ पाणी वाहत असतेच. त्याला फक्त खळखळाट नसतो. रेंगाळतो तो माणूस, ज्याचे काम संपलेले असते पण पाय निघत नाही. चित्रपटाबाबत हाच भेद सर्वांत नेमका कळतो तो संगीताच्या आधाराने. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या रागगायनात, बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, अतिविलंबित लयीत मिनिटभराच्या आसपास चालू शकते, तरी जाणता श्रोता अस्वस्थ होत नाही, कारण सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, येणार हे त्याला ठाऊक असते आणि दर आवर्तनात राग आणखी थोडा उलगडलेला त्याला दिसतो. तीच लय ठेवून गायक तेच स्वरसमूह घोळवत बसला, तर घड्याळाने काहीही सांगितले तरी गाणे रेंगाळले असे आपण म्हणतो. म्हणजे दोष लयीचा नसतो, आवर्तन रिकामे गेल्याचा असतो.

मैत्रीच्या चित्रपटात हे आवर्तन म्हणजे त्या दोघांमधले अंतर. प्रसंग सुरू होताना ते जेवढे होते तेवढेच प्रसंग संपतानाही राहिले, आणि असे लागोपाठ चार-पाच प्रसंगांत झाले, तर चित्रपट रेंगाळला. अंतर बोटभर का होईना, कमी किंवा जास्त झाले असेल, तर तो संथ आहे, आणि तो ज्याला आवडला नाही त्याची तक्रार खरे तर वेगळी आहे.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अबोल चिन्मय आणि गावातला द्वाड बंड्या यांच्या मैत्रीत सांगण्यासारखी घटना म्हटली तर एकच: सायकलींच्या शर्यतीनंतर मुले किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि चिन्मय आत एकटा मागे राहतो. कथानक सांगायला लागले तर ते दोन मिनिटांत संपते. पण त्या पावसाआधीचा चिन्मय आणि नंतरचा चिन्मय मित्रांकडे सारख्या नजरेने पाहत नाही. नंतरच्या प्रत्येक भेटीत रुसवा, संकोच आणि ओढ यांचे प्रमाण बदललेले असते, आणि ते संवादांपेक्षा मुले एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात यावरून अधिक कळते. ज्याचे लक्ष पुढच्या घटनेकडे लागलेले आहे, त्याच्या पदरात यातले थोडेच पडणार. संथ चित्रपट केवळ प्रौढ आणि मुरलेल्या प्रेक्षकांसाठी असतात, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की 2014 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिला होता.

रितेश बत्रा यांच्या 2013 च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये चर्चा झाली ती पत्रांतून जुळलेल्या नात्याची, पण या प्रश्नासाठी मला साजन आणि शेख यांची जोडी अधिक उपयोगी वाटते. निवृत्तीला आलेला साजन आपल्या जागी येणाऱ्या शेखला आधी सरळ टाळतो, पुढे जेवताना त्याला सोबत बसू देतो, आणि शेवटी त्याच्या लग्नात वरपक्षाकडून उभा राहतो. कार्यालयातले टेबल तेच, जेवणाची वेळ तीच. वरवर पाहिले तर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पुनरावृत्ती दिसली की चित्रपट रेंगाळला, असा निष्कर्ष घाईचा ठरतो तो यामुळे. पुनरावृत्ती हे संथ चित्रपटाचे मापच असते: काय बदलले हे कळण्यासाठी काहीतरी तसेच ठेवावे लागते.

लांबीवरूनही फारसे काही ठरत नाही. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान यांचा एका गृहिणीच्या तीन दिवसांवरचा 1975 चा चित्रपट 201 मिनिटांचा आहे, आणि 2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने सर्वोत्तम चित्रपटांसाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. त्यात दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात एवढ्यावरून, पहिला दिवस नीट पाहिलेला प्रेक्षक दचकतो. उलट नव्वद मिनिटांचे कित्येक चित्रपट विसाव्या मिनिटालाच थांबलेले असतात.

येथे संथ चित्रपटांच्या चाहत्यांनाही थोडे बोलले पाहिजे, आणि मी त्यांच्यातलाच आहे. आपल्याला आवडलेल्या चित्रपटाला कोणी कंटाळवाणे म्हटले की ‘तुम्हाला संयम नाही’ असे उत्तर देण्याची आपली खोड वाईट आहे. खिडकीबाहेर पाहणारा नायक, मागे पियानो, मग समुद्र, मग पुन्हा खिडकी. यात अंतर्मुखता नसते, अंतर्मुखतेचा पोशाख असतो. मैत्रीच्या चित्रपटांत याचे एक ठरलेले रूप आहे: एक बडबड्या, एक घुम्या, आणि ते किती वेगळे आहेत हे पहिल्या प्रसंगात कळल्यावरही पुढचे सहा प्रसंग तेच सांगत राहतात. यासाठी एक साधी परीक्षा आहे. मधला एखादा प्रसंग मनातल्या मनात काढून टाकावा. पुढचा प्रसंग जरासाही विस्कटला नाही, तर तक्रार करणाऱ्याचे बरोबर होते.

तरीही ही परीक्षा सगळे मतभेद मिटवत नाही, कारण चित्रपट खरोखर संथ असला तरी प्रेक्षक कशाची वाट पाहत बसला आहे यावर बरेच अवलंबून असते. सोफिया कोपोला यांच्या 2003 च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ची कथा टोकियोतल्या एका हॉटेलात भेटलेल्या दोघांची आहे: व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी आलेला उतरत्या काळातला नट आणि छायाचित्रकार नवऱ्यामागे आलेली, त्या नटाहून खूपच तरुण बाई. या चित्रपटाला सर्वोत्तम मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, आणि तो कुठेच जात नाही असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. त्यांतल्या अनेकांनी तो प्रेमकथा म्हणून पाहिला होता, असा माझा अंदाज आहे. प्रेमकथा धरली तर दर भेटीत काहीतरी राहून जाते आणि चित्रपट लांबत चालल्यासारखा वाटतो. मैत्री धरली तर त्याच भेटी भरलेल्या दिसतात, कारण झोप न येणाऱ्या दोन माणसांना रात्री जागायला सोबत मिळणे एवढीच तिथली घटना असते. याच चित्रपटातल्या जपानी पात्रांच्या चित्रणावर, त्यांना हास्यास्पद केल्याबद्दल, आक्षेप घेतले गेले. तो आक्षेप गंभीर आहे, पण त्याचा गतीशी संबंध नाही. ‘संथ आहे’ या शब्दांत तोही कोंबला की ना आक्षेपाला न्याय मिळतो, ना चित्रपटाला.

त्या चित्रपटाच्या शेवटी गर्दीच्या रस्त्यावर तो नट तिच्या कानात काहीतरी सांगतो आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. काहींना ही शुद्ध फसवणूक वाटली. काहींनी ध्वनिपट्टी संगणकावर घालून, आजूबाजूचा गोंगाट कमी करून, ते शब्द पकडण्याचा खटाटोप केला. आणि काहींना तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचलेले दिसले, म्हणून ऐकण्याची गरज वाटली नाही.