लिनक्सवर चालणारा हँडहेल्ड कॉम्प्युटर

लिनक्स हँडहेल्ड म्हणजे हातात किंवा खिशात मावणारा असा कॉम्प्युटर ज्याच्यात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे गाभा, तर असतोच पण शेल (कमांड पाळणारा प्रोग्रॅम), पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम टाकायचं साधन), फाइल सिस्टिम हे सगळंही मालकाला मोकळं असतं. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. नुसता कर्नल धरला तर अँड्रॉइडचा प्रत्येक फोन लिनक्सच आहे, पण लिनक्सवाले त्याला यात मोजत नाहीत, कारण बहुतेक फोनमध्ये रूट, म्हणजे मशीनवरचा पूर्ण अधिकार, मिळवायचा तर आधी कंपनीने लावलेलं कुलूप काढावं लागतं. पैसे मी दिले तर चावी पण माझ्याकडेच पाहिजे, एवढं सरळ म्हणणं आहे आणि ते अगदी योग्य आहे.

सुरुवातीच्या मशीनमध्ये शार्पच्या झॉरसचं नाव पहिलं निघतं. २००२ च्या एसएल-५५०० मध्ये २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम आणि खालचं झाकण सरकवलं की छोटासा कीबोर्ड. मग २००५ मध्ये नोकियाचा ७७० टॅब्लेट आला, डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली माएमो सिस्टिम घेऊन, आणि त्याच घराण्यातला २००९ चा एन९०० हा आजही लोकांच्या जिवाभावाचा आहे.

एन९०० बद्दल लोक इतकं का बोलतात ते वापरल्याशिवाय कळत नाही. फोन होता, पण टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, त्यात आधीपासूनच टाकलेलं होतं. रूटएसएच नावाचं छोटंसं पॅकेज टाकायचं, टर्मिनलमध्ये रूट टाइप करायचं, की ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह जाऊन तिथे हॅश यायचा, म्हणजे रूट मिळाला, बस, कुठलं कुलूप नाही की कुणाची परवानगी नाही. कीबोर्ड तीनच ओळींचा, त्यात टॅब नाही, एस्केप नाही, आणि ज्याच्याशिवाय शेलमध्ये पान हलत नाही ते पाइपचं (|) चिन्हही नाही, ते दर वेळी चिन्हांची खिडकी उघडून स्क्रीनवर शोधावं लागायचं. तर लोकांनी काय केलं, कीबोर्डच्या मांडणीची आरएक्स-५१ नावाची फाइलच उघडली आणि पाइपला स्वतःला हवं तिथे बसवलं! दुसऱ्या फोनमध्ये अशी अडचण आली असती तर कंपनीला मेल पाठवून वाट बघत बसलो असतो, इथे फाइल बदलली आणि काम झालं. मालकी म्हणतात ती हीच.

पण मोकळेपणाला मर्यादा होत्या आणि त्यावर हौशी मंडळींचं दुखणं अजून गेलेलं नाही. एन९०० च्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) बंद होता, म्हणजे त्याचा कोड कुणाला बघता येत नव्हता, बॅटरी चार्ज करणारा प्रोग्रॅमसुद्धा तसाच बंद, आणि मूळ सिस्टिम २.६.२८ या कर्नलवरच राहिली. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा रस्ता धरला, म्हणजे फोनमध्ये त्यांची सिस्टिम घ्यायचं ठरवलं. पुढे लोकांनी चार्जिंगच्या प्रोग्रॅमला स्वतः पर्याय लिहिला, माएमो लेस्ते नावाने सिस्टिम नव्या कर्नलवर आणली, पण हे सगळं काम आतलं फारसं काही कागदावर नसताना करावं लागलं. म्हणून आज कुठलंही नवीन मशीन आलं की अनुभवी माणूस रॅम किती, कोअर किती हे नंतर विचारतो, आधी विचारतो की मेनलाइन, म्हणजे लिनक्सचा मूळ सामाईक कर्नल चालतो का. ड्रायव्हर मेनलाइनमध्ये असले की कंपनी बंद पडली तरी मशीन चालू राहतं, नसले तर काही वर्षांनी ते जुन्या कर्नलवर अडकलेलं खोकं होतं.

दुसरा मोठा गट गेमवाल्यांचा. कोरियाचा जीपी२एक्स हा गेमचा हँडहेल्ड २००५ चा, पेन्सिल सेलवर चालायचा, आणि त्याच्याभोवती जमलेल्या लोकांतूनच ओपनपँडोरा निघाला. कीबोर्ड, अंगठ्याने हलवायचे दोन ॲनालॉग नब, दोन एसडी कार्डचे स्लॉट, सगळं एका घडीच्या डबीत. २००८ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि मशीन हातात पडायला लागली २०१० पासून, त्यामुळे आगाऊ पैसे भरावेत की नाही यावर त्यांच्यात अजून एकमत नाही. मला विचाराल तर चालू मशीन लोकांच्या हातात दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत.

२०२२ च्या स्टीम डेक या गेमच्या हँडहेल्डने मात्र ज्यांना लिनक्सशी काही घेणंदेणं नाही अशांच्या हातातही लिनक्स दिला. आत आर्च या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली स्टीमओएस, डेस्कटॉप मोडमध्ये केडीई नावाचा डेस्कटॉप, आणि विंडोजचे गेम प्रोटॉन या जुळवून घेणाऱ्या प्रोग्रॅममधून चालतात. कट्टर लोकांची तक्रार अशी की रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइलींची जागा, केवळ वाचता येईल अशी ठेवलीय, ती कमांड देऊन उघडता येते पण तिथे टाकलेलं अपडेटच्या वेळी पुसलं जातं. तक्रार खरी आहे, तरी मला ती तितकी मोठी वाटत नाही, कारण नको असेल तर अख्खी सिस्टिम काढून दुसरी टाकायला कुणी अडवत नाही.

फोनच्या आकारातलं उदाहरण म्हणजे पाइनफोन. मागचं झाकण नखाने निघतं, आत बारीक स्विचची ओळ, मॉडेम, वायफाय, माइक, कॅमेरे प्रत्येकाला वेगळा, टोकदार वस्तूने खाली केला की तो भाग बंद. मशीन आधी एसडी कार्ड बघतं, त्यामुळे आतल्या सिस्टिमला हात न लावता कार्डावर दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकून बघता येतं, बिघडलं तर कार्ड काढायचं. ज्यांना खाजगीपणा हवा त्यांना हे फार आवडतं. पण तेच लोक हेही सांगतात की बॅटरी भराभर उतरते, कॅमेरा यथातथाच, बँकेची ॲप चालतील याचा भरवसा नाही, एकमेव फोन म्हणून घेऊ नका.

वेळ जातो हे तर सगळेच कबूल करतात. माझ्याकडच्या एका मशीनचा अपडेटनंतर आवाजच गेला, दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि शेवटी कळलं की साउंडच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्पीकरचं नाव बदललंय, एक शब्द बदलला आणि आवाज परत आला. ज्याला अशा संध्याकाळी वाया गेल्यासारख्या वाटतात त्याने हे घेऊ नये, मला त्या तशा वाटल्या नाहीत.

जुनी मशीन हातोहात फिरत राहतात. सेकंडहँड घेणारा सहसा तीन गोष्टी विचारतो: बॅटरी बदलता येते का आणि अजून मिळते का, कार्डवरून बूट होतं का, आणि पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स सिस्टिमच्या यादीत आहे का. हा प्रकल्प २०१७ मध्ये फोन १० वर्षं चालावा या हेतूने सुरू झाला, आणि एन९०० त्याच्या यादीत आहे.