ल्युपस आहे म्हणजे कॅन्सर होणारच का?

ल्युपस म्हणजे आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्याचं निदान झालं की घरातलं कोणीतरी मोबाईलवर शोधतं, तिथे कॅन्सर दिसला की सगळ्यांची घाबरगुंडी, आणि मग शेजारची काकी सांगते, त्या गोळ्यांनीच होतं सगळं, बंद कर. तसंही संधिवाताच्या डॉक्टरांसाठी दापोली-गुहागरहून मुंबई गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे बंद करणं सोपंच पडतं. ते मात्र करू नका.

2013 साली आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ल्युपसचे 16,409 पेशंट होते. त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण 14 टक्क्यांनीच जास्त निघालं, म्हणजे जिथे 100 जणांना व्हायचा तिथे 114 जणांना. पण आतला हिशोब बघा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) चारपटीहून जास्त, फुफ्फुसाचा थोडा जास्त, आणि स्तनाचा चक्क कमी!

लिम्फोमा बहुतेकदा बी-पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा असतो, आणि ल्युपसमध्ये याच पेशी वर्षानुवर्षं भडकलेल्या, सारख्या विभागत राहतात, तेवढी डीएनएत चूक व्हायची संधी वाढते. म्हणून तर रिटक्सिमॅब हे बी-पेशी मारणारं औषध लिम्फोमातही देतात आणि हट्टी ल्युपसमध्येही. घोळ असा की मानेत-काखेत गाठी, ताप, वजन उतरणं हे नुसत्या ल्युपसनेही होतं. त्यामुळे गाठ काही आठवड्यांत बसली नाही, वाढायला लागली तर सरळ दाखवा, बायोप्सीला घाबरू नका.

गर्भाशयाच्या तोंडाचं वेगळं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू शरीरात टिकून राहतो, तरी आपल्याकडे बायका लाजेपायी तपासणी टाळतात, पांढरं जाणं अंगावर काढतात. पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं, पाच मिनिटांची असते हो. एचपीव्हीची लस जिवंत विषाणूची नाही, ल्युपसमध्येही घेता येते, मुलीचं वय बसत असेल तर डॉक्टरांना विचाराच.

आणि मशेरी! सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटाने दातांना घासत ओटीवर बसायचं, याला कोणी व्यसन म्हणतच नाही. तोंडाच्या कॅन्सरला ते आमंत्रणच. विडी-सिगारेटने तर फुफ्फुसाचा धोका वाढतोच, वर ल्युपसच्या चट्ट्यांवर एचसीक्यूची (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ल्युपसचं नेहमीचं औषध) गोळीही नीट लागू पडत नाही.

औषधांपैकी सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो हे खरंय, पण ल्युपसने धरलेली किडनी वाचवायला कधीकधी तेच लागतं. ते चालू असताना भरपूर पाणी प्या, आणि नंतर कितीही वर्षांनी लघवीत रक्त दिसलं तर हे औषध घेतलं होतं हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.