अहिल्याबाईंची खासगी: दानामागचा जमाखर्च

काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर. अहिल्याबाईंनी बांधलेल्या किंवा पुन्हा उभारलेल्या देवळांची नावं इंदूरच्या मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. एवढा पैसा आला कुठून, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

होळकरांच्या जमेची दोन खाती होती. दौलतीच्या उत्पन्नातून फौज आणि कारभार चालायचा. खासगी त्याहून निराळी. मल्हाररावांच्या विनंतीवरून थोरल्या बाजीरावांनी १७३४ साली त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. तिचं उत्पन्न वर्षाला २,९९,०१० रुपये होतं आणि त्यावर हक्क घरातल्या कर्त्या स्त्रीचा. नवऱ्याच्या मोहिमा जिंकोत की हरोत, हा पैसा तिचा. अठराव्या शतकात किती जणींच्या वाट्याला असं काही आलं असेल!

१७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. त्यांचे पती खंडेराव १७५४ सालीच कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. पुढे १७६६ मध्ये मल्हारराव आणि वर्षभरात मुलगा मालेराव गेल्यावर सगळा कारभारच अहिल्याबाईंच्या हाती आला. राजधानी महेश्वरला नेऊन त्यांनी १७९५ पर्यंत तो सांभाळला. खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी तो धर्मकार्याला वाहिला, असं परंपरा सांगते. दोन्ही खात्यांच्या किल्ल्या आता एकाच हाती होत्या, तरी दानधर्मासाठी त्यांनी हात घातला तो खासगीत. रयतेच्या साऱ्यातून देऊळ बांधून पुण्य आपल्या नावे लावणं त्यांना सहज जमलं असतं.

होळकरांच्या फौजेचे सेनापती तुकोजी होळकर मोहिमांवर असत, फौजेला पैसा कायम अपुरा पडे आणि त्यावरून दोघांत वारंवार खटके उडत. दानाचा पैसा लष्करात घालायला हवा होता, असं म्हणणारे आजही भेटतात. माळव्यात माहिती गोळा करणाऱ्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने हाच मुद्दा तिथल्या एका जाणत्या ब्राह्मण कारभाऱ्यापुढे काढला होता. त्याचं उत्तर असं, की बाईंनी दुप्पट पैसा फौजेवर उधळला असता, तरी तीस वर्षं मुलुखात अशी शांतता राहिली असती का? मला हे उत्तर पटतं.

माल्कमनेच टिपलेले बारीक तपशील देवळांहून अधिक बोलके आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला माणसं नेमलेली असत. नांगराचे बैल थांबवून त्यांनाही पाणी पाजलं जाई. थंडीच्या सुरुवातीला आश्रितांना आणि अपंगांना कपडे मिळत. शेतकरी पाखरांना हाकलतात, म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन ती पाखरांसाठी सोडली जात. दक्षिणेतल्या देवळांना नित्य गंगाजल जाई. असल्या खर्चाला एकदाची देणगी पुरत नाही, दरसालची नेमणूक लागते. घाट बांधला, अन्नछत्र उघडलं, की पुढच्या खर्चाची तरतूदही त्या करून ठेवत.

संस्थानं विलीन झाली तेव्हा हा हिशेब पुन्हा वर आला. १९४८ च्या मध्य भारत राज्याच्या करारात खासगीचं उत्पन्न सरकारजमा झालं, आणि त्याबदली अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे राखून ठेवायचं ठरलं. १९६२ मध्ये ‘खासगी ट्रस्ट’ स्थापन झाला. देशभरातल्या २४६ मालमत्ता त्याच्याकडे आल्या: देवळं, घाट, धर्मशाळा, छत्र्या (समाधी-स्मारकं), बागा. त्यांतल्या काहींच्या विक्रीवरून वाद पेटला आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२२ च्या निकालानुसार हा सार्वजनिक न्यास आहे, मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी व्हायलाच हवी आणि परवानगीशिवाय मालमत्ता विकता येणार नाही. आधीच्या व्यवहारांत न्यासाचं नुकसान झालं का, हे तपासायचं काम न्यायालयाने सार्वजनिक न्यासांच्या रजिस्ट्रारकडे सोपवलं.