केस मॉडिंग : संगणक थंड राखण्यासाठी कॅबिनेटमधील घरगुती बदल

घरच्या डेस्कटॉप संगणकाच्या आतली उष्णता सहज बाहेर पडावी म्हणून मालकाने कॅबिनेटमध्ये स्वतःच्या हाताने केलेले बदल. पत्रा कापून पंख्यासाठी नवे भोक पाडणे, कारखान्याची जाळी काढून टाकणे, वायरी मदरबोर्डच्या (मुख्य सर्किटपट्टीच्या) मागून नेणे, हवेला वळण देणारे पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे नळकांडे बसवणे, पंख्यांचा वेग उतरवणे, धुळीसाठी गाळणी लावणे हे सगळे यात येते. काचेची खिडकी, रंगीत दिवे, नक्षीदार रंगकाम हा केस मॉडिंगचा शोभेचा भाग. त्याचा विचार येथे केलेला नाही.

संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी अखेरीस उष्णता होते. खेळ खेळताना ३०० वॅट घेणारे यंत्र म्हणजे टेबलाखाली ठेवलेली ३०० वॅटची शेगडीच. ही उष्णता हीटसिंकवरून, म्हणजे चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावरून, हवेत जाते आणि हवा ती कॅबिनेटबाहेर नेते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला दर अंशामागे सुमारे १,००५ जूल धरून हिशेब केला, तर ३०० वॅट वाहून नेताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये यासाठी मिनिटाला सुमारे १.५ घनमीटर, म्हणजे ५३ घनफूट हवा आतून जावी लागते. १२० मिमीच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर एवढाच आकडा छापलेला असतो. तो मात्र पंख्यापुढे काहीही आडवे नसतानाचा असतो. पुढे जाळी, तिच्यामागे गाळणी, मग हार्डडिस्कचा पिंजरा आणि वायरींचा गुंता आला की प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. त्यामुळे पंखे वाढवण्याआधी हवेची वाट मोकळी करणे हेच या कामाचे पहिले सूत्र आहे. बाजारातून पाच पंखे आणून बंद दर्शनी पट्टीच्या मागे बसवणाऱ्याला आवाज मिळतो, गारवा मिळत नाही.

इतिहास : आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरला वीजपुरवठ्याच्या डब्यातला एक पंखा पुरत असे. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तर पंखाच नव्हता. ॲपल टू या संगणकाच्या बाजूला अडकवायचा केन्सिंग्टन कंपनीचा ‘सिस्टिम सेव्हर’ हा पंखा त्या काळात चांगला खपला. बाहेरून गारवा जोडण्याची हौस तेव्हापासूनची म्हणता येईल. पत्रा कापण्याची वेळ मात्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बसचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या दुव्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की अनेकदा ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले. त्यातून ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवण्याची, लाट उठली आणि वेगाबरोबर तापमानही वाढले. त्या वेळच्या कॅबिनेटमध्ये मागे ८० मिमीच्या एका पंख्याची जागा असे, तीही पत्र्यालाच ठोकून काढलेल्या चिरांची. छांदिष्टांनी छतात भोक पाडून पंखा बसवायला सुरुवात केली. त्या भोकाला ‘ब्लोहोल’ असे नाव पडले.

भीतीही खरी होती. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने २००१ मध्ये चालू संगणकांवरचा हीटसिंक उचलून काय होते याची चित्रफीत दाखवली. पेंटियम ४ ने वेग कमी करून स्वतःला वाचवले; एएमडीचे ॲथलॉन जळाले. आजचा कोणताही प्रोसेसर असा जळत नाही, आधी मंदावतो आणि मग यंत्र बंद करतो. म्हणूनच अपुऱ्या हवेचे लक्षण आता धूर नसून घसरलेला वेग हे असते आणि ते बराच काळ कोणाच्या ध्यानात येत नाही.

२००४ च्या ‘प्रेस्कॉट’ गाभ्याच्या पेंटियम ४ ची उष्णता वरच्या प्रकारांत ११५ वॅटवर पोहोचली तेव्हा खुद्द इंटेलने कॅबिनेटकडे लक्ष दिले. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी ३८ अंशांची हवा पोहोचावी, असे उद्दिष्ट ठेवून बाजूच्या पत्र्यात जाळी आणि तिथून प्रोसेसरपर्यंत नळकांडे अशी रचना इंटेलने सुचवली. त्याच सुमारास आणलेला बीटीएक्स हा मांडणीचा नवा साचा मात्र चालला नाही. २००६ मध्ये इंटेलने तो सोडून दिला. त्या सुमारापासूनच्या कारखानी कॅबिनेटमध्ये हौशी मंडळींनी आधी घरी करून पाहिलेल्या अनेक गोष्टी दिसतात. १२० मिमीचे पंखे, छतातली जाळी, मदरबोर्डमागून वायरी नेण्याची जागा, खाली बसवलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) यांपैकी बहुतेक आज स्वस्त कॅबिनेटमध्येही मिळतात. अँटेकच्या २००५ मधील पी१८० या कॅबिनेटच्या रचनेत सायलेंट पीसी रिव्ह्यू या संकेतस्थळाच्या माइक चिन यांचा थेट सहभाग होता आणि त्यात एसएमपीएसला वेगळा कप्पा होता.

आधी निदान : कापाकापी करण्याआधी खोट कुठे आहे ते पाहावे लागते. त्याची पद्धत सोपी आहे. खोलीचे तापमान नोंदवावे, संगणकाला अर्धा तास पूर्ण कामाला लावावे आणि एचडब्ल्यूइन्फो किंवा लिनक्सवरील एलएम-सेन्सर्ससारख्या साधनाने प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे तापमान लिहून घ्यावे. मग बाजूचा पत्रा काढून तेच काम पुन्हा करावे. आकडा ८–१० अंशांनी उतरला तर कॅबिनेट गुदमरते आहे आणि बदलाचा उपयोग होईल. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर दोष हीटसिंकमध्ये, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये (लेपात) किंवा हीटसिंकच्या पात्यांत बसलेल्या धुळीत आहे. तिथे पत्रा कापून काही मिळणार नाही. तुलना नेहमी खोलीपेक्षा किती अंश जास्त या फरकाची करायची. डिसेंबरमध्ये नाशिकला घेतलेला ६० अंशांचा आकडा आणि मे महिन्यात नागपूरला घेतलेला ७५ अंशांचा आकडा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. हवा कुठून शिरते आणि कुठे घुटमळते हे पाहायला पेटती अगरबत्ती उत्तम. ती चिरांच्या बाहेर धरावी. धूर आत ओढला जातो, बाहेर ढकलला जातो की तसाच वर जातो, हे लगेच दिसते.

जाळी आणि भोक : सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा देणारा बदल म्हणजे पंख्यासमोरची ठोकून काढलेली जाळी कापून टाकणे. जुन्या आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये पत्र्यातल्या लहान भोकांमुळे पंख्यासमोरची निम्मी जागाही मोकळी नसते, शिवाय भोकांच्या कडांवर हवा फाटून शिटीसारखा आवाज येतो. त्या जागी तारेची गोल जाळी लावली की बोटे सुरक्षित राहतात आणि अडथळा जवळजवळ उरत नाही. कात्री-पक्कड पुरत असेल तर हे काम तासाभराचे आहे.

नव्या भोकाला जास्त तयारी लागते. मदरबोर्ड, एसएमपीएस, डिस्क सगळे बाहेर काढून रिकाम्या पत्र्यावरच काम करायचे. यात सवलत नाही, कारण लोखंडाचा एक बारीक कीस मदरबोर्डवर राहिला तरी तो शॉर्ट करायला पुरेसा असतो. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर कागदी नमुना लावतात. स्क्रूंच्या भोकांमधले अंतर ८० मिमीच्या पंख्याला ७१.५ मिमी, ९२ मिमीला ८२.५, १२० मिमीला १०५ आणि १४० मिमीला १२४.५ मिमी असते. मध्यबिंदूवर पंच मारून खूण करतात, म्हणजे ड्रिल घसरत नाही. १२० मिमीच्या पंख्यासाठी साडेचार इंची होल सॉ (गोल भोक कापणारे दातेरी पाते) वापरतात. वेग कमी, हात स्थिर आणि पात्याला तेलाचा थेंब. जिगसॉनेही होते, फक्त पत्र्याखाली लाकडी फळी पक्की बांधावी लागते, नाही तर पातळ पत्रा थरथरून वाकतो. हत्यारे नसतील तर नमुना चिकटवलेला पत्रा घेऊन जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जावे. ग्रिल-दरवाजे करणाऱ्या माणसाला हे किरकोळ काम आहे. कापल्यावर कानशीने कडा घासून त्यांवर रबराची यू-पट्टी बसवतात. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय यांतले काहीच करू नये आणि कापलेल्या कडा हाताळताना हातांत जाड मोजे घालावेत.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश झाल्यावर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. त्याचा पंखा बदलण्याची हौस अनेकांना होते. ज्याला विजेच्या दुरुस्तीचे शिक्षण नाही त्याने ती आवरावी.

हवेची दिशा : समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर हा नेहमीचा रिवाज योग्य आहे, पण त्यासाठी दिले जाणारे ‘गरम हवा आपोआप वर जाते’ हे कारण फसवे आहे. ४० सेंटिमीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये हवा १० अंशांनी तापली तर या उचलीतून मिळणारा दाब ०.१५ पास्कलच्या आसपास असतो. साधा १२० मिमीचा पंखा १० ते २० पास्कलचा दाब देऊ शकतो. म्हणजे एक पंखा चालू असला तरी हवा त्याचेच ऐकते. रिवाजाचे खरे बळ वेगळे आहे : सगळे पंखे एकाच दिशेने हवा नेतात आणि बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत येत नाही. त्यामुळे कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवले की आतले सगळे कष्ट वाया जातात. मागे वीतभर जागा सोडणे हा फुकटातला बदल आहे आणि तो सर्वांत आधी करायला हवा.

ग्राफिक्स कार्डाने हे गणित अलीकडे बदलले आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅटची मर्यादा दिलेली आहे आणि तिच्यासारखी दोन-तीन पंख्यांची कार्डे ही बहुतेक उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. त्यामुळे कार्डासमोरच्या खालच्या बाजूने थंड हवा आत घेणारा पंखा, किंवा तळाच्या जाळीतून थेट कार्डाकडे नेणारे नळकांडे, हा आजचा सर्वांत फलदायी बदल ठरतो. कार्डाखालच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या काढून तिथे जाळी बसवणे हाही उपाय काही यंत्रांत चांगला चालतो.

वेग आणि आवाज : पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि लागणारी वीज घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, आवाज मात्र ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. आणि सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र लावल्यावर वाढ फक्त ३ डेसिबलची. म्हणून एका धावत्या पंख्यापेक्षा दोन सावकाश पंखे केव्हाही चांगले, आणि छोट्यापेक्षा मोठा. पूर्वी वेग उतरवायला चार तारांच्या जोडणीतली पिवळी १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची तार यांच्यामध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट मिळवत. ही युक्ती आता करू नये : तिच्यात पंख्यातला विजेचा प्रवाह ५ व्होल्टच्या ओळीत ढकलला जातो आणि पंखा शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट त्या ओळीवर येतात. चार पिनांचे पीडब्ल्यूएम पंखे (ज्यांचा वेग मदरबोर्डला उतरवता-चढवता येतो) आणि बायोसमधील, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील, वेगाचा आलेख यांनी तो प्रश्न नीट सुटला आहे.

धूळ, दमट हवा आणि उन्हाळा : आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींमधून हवा बाहेर पडते आणि धूळ गाळणीवरच अडते. उलट केले तर प्रत्येक फट धूळ ओढते. मच्छरजाळीचा एक पदर किंवा नायलॉनचे जुने मोजे गाळणी म्हणून चालतात. दाट कापड लावू नये, ते हवाही अडवते. महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या घरांत ही गाळणी महिन्याला धुवावी लागते.

विदर्भात मे महिन्यात खोलीच ३८–४० अंशांवर असते. कॅबिनेटमधले कोणतेही पंखे आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, ही या साऱ्या विद्येची मर्यादा आहे. तिथे प्रोसेसरची वीजमर्यादा बायोसमधून थोडी खाली आणणे पत्रा कापण्याइतकेच उपयोगी पडते. पाण्याच्या कूलरसमोर संगणक ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या झोतातून येणाऱ्या बारीक थेंबांतले क्षार मदरबोर्डवर साठत जातात. कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला असतो आणि खारी दमट हवा पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरवते. यू-पट्टी बसवण्याआधी त्या कडेवर रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच मदरबोर्ड परत आत बसवावा.